दोरीचं दुसरं टोक

शिडाच्या यॉटचा आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाचा काय संबंध, असं कोणी विचारलंच तर मी त्याला आमच्या बाल्कनीत नेऊन उभा करीन. तिथे छताला स्टीलच्या सहा नळ्या टांगलेल्या आहेत. प्रत्येक नळीला दोन दोऱ्या. त्या छतातल्या कप्प्यांवरून फिरून भिंतीशी खाली येतात आणि भिंतीवरच्या हुकांना गुंडाळलेल्या असतात. नळी खाली घ्यायची, तिच्यावर ओली चादर पसरायची, दोरी ओढून चादरीसकट नळी वर चढवायची आणि दोरी हुकाला आठाच्या आकड्यात गुंडाळून टाकायची. (आठ म्हणजे इंग्रजी आठ. मराठी आठ गुंडाळला तर चादर डोक्यावर येते.) हे काम मी लग्न झाल्यापासून दर रविवारी करत आलो आहे. आमच्या घरी त्याला 'कपडे वाळत घालणे' म्हणतात. साहेब लोक त्यालाच 'हॅलयार्ड चढवून बिले करणे' म्हणतात, त्यासाठी क्लब काढतात, वर्गणी भरतात आणि पांढरी पँट घालतात. मुंबईत असा क्लब १८४६ सालापासून आहे. चादरी त्याच्याही आधीपासून होत्या.

आता थोडी परिभाषा, कारण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. जुन्या जहाजांवर शीड ज्या आडव्या काठीला बांधलेलं असे ती 'यार्ड', आणि ती काठी वर ओढायची दोरी ती 'हॅलयार्ड'. आजच्या यॉटवर ती काठी उरलेली नाही, दोरी थेट शिडाच्या डोक्याला धरून त्याला वर नेते, पण नाव तेच राहिलं. हे मला खटकत नाही. बँकांतली लेजरं जाऊन कैक वर्षं झाली तरी 'लेजर फोलिओ'चे पैसे काही ठिकाणी अजून कापले जातात. खरी गंमत 'शीट'ची. शीट म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे. शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा आत-बाहेर करणारी दोरी. ज्या माणसानं शीड, शीट आणि चादर यांच्यातला फरक एका वाक्यात पहिल्यांदा समजावून सांगितला असेल, त्याला मी आमच्या कर्ज विभागात लगेच घेतला असता.

डोलकाठीला सगळ्या बाजूंनी ताणून उभी धरणाऱ्या पोलादी तारा असतात. त्या एकदा बसवल्या की उगाच हलवायच्या नाहीत. त्या मुदत ठेवी. बाकीच्या दोऱ्या, म्हणजे शीड चढवणाऱ्या, उतरवणाऱ्या, आवळणाऱ्या, सैल सोडणाऱ्या, ते चालू खातं. तिला म्हणायचं 'रनिंग रिगिंग'. या प्रत्येक दोरीचं एक टोक शिडाला असतं आणि दुसरं टोक कुठेतरी अडकवून ठेवावं लागतं. ते जिथे अडकवायचं, त्या लहानसहान पितळी, पोलादी आणि प्लास्टिकच्या चिजांबद्दल हा मजकूर आहे. शिडांवर पुष्कळांनी लिहिलं. शिडांचे फोटो दिवाणखान्यात लागतात. पण शीड ज्याच्या जिवावर वर राहतं त्या वीतभर खुंटीचा फोटो कोणी लावलेला मी पाहिला नाही. मी क्लार्क असल्यामुळे मला त्या खुंटीविषयी आपुलकी वाटते, एवढं आधीच सांगून टाकतो.

ही सगळी विद्या मला दिली ती आमच्या शाखेतल्या एका पेन्शनर काकांनी. मूळचे हर्णैचे. एका सरकारी खात्याच्या लाँचवर तांडेल होते. निवृत्तीनंतर एका डॉक्टरांची तीस फुटी यॉट सांभाळतात. वय बहात्तर. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला येतात आणि दर नोव्हेंबरात आमचं यंत्र त्यांना हयात मानायला नकार देतं. २०१४ पासून बोटांच्या ठशांवर हा दाखला देण्याची सोय झाली आहे. काकांनी पहिल्या वर्षी अंगठा टेकवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. मग मधलं बोट, करंगळी, अनामिका. माणूस समोर बसून आमचाच चहा पितो आहे, आणि यंत्राच्या लेखी त्याचा पत्ता नाही.

"पन्नास वर्षं दोरी ओढली," काका तळहात पुढे धरून म्हणाले. "हातावरच्या रेघा दोरीनं नेल्या. तुमचं मशीन काय वाचणार?"

"आता तर्जनी ठेवा काका."

काकांनी उजवी तर्जनी वर केली. ती पहिल्या पेरापाशीच संपली होती.

शेजारच्या काउंटरवरच्या आमच्या बाईंचं कामात नसलं तरी अशा गोष्टीत बारीक लक्ष असतं. "बोटाला काय झालं हो काका?"

"विंचनं खाल्लं."

"अगं बाई! विंचवानं?"

"विंचू नव्हे हो बाई, विंच. बोटीवर."

"म्हणजे बोटीवर बोट गेलं?" लायनीतल्या एका गृहस्थांनी चौकशी केली, आणि नोव्हेंबरातल्या पेन्शनर लोकांच्या लायनीत सहसा ऐकू न येणारं हसू ऐकू आलं. काकाही हसले. मी जुना कागदी फॉर्म काढला, भरला आणि अधिकाऱ्यांची सही आणून दिली. 'सदर पेन्शनर आज रोजी आमच्यासमोर हजर असून हयात आहेत.' अलीकडे चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण काकांना कागदच बरा वाटतो. सहीवर शिक्का आपटल्याचा आवाज झाल्याशिवाय आपण हयात असल्याची त्यांची खात्री पटत नाही.

मधल्या एका नोव्हेंबरात ते म्हणाले, "आमच्या पैशाला तुम्ही एवढी कुलपं लावता. रविवारी गेटवेला या. आमची कुलपं दाखवतो."

हिला सांगितलं तर हिनं शांतपणे विम्याची पॉलिसी कुठल्या कप्प्यात आहे ते विचारून घेतलं.

यॉट गेटवेपासून थोडी आत, नांगराच्या बोयाला बांधलेली होती. पोचवायला होडी. चढल्या चढल्या काकांनी मला डोलकाठीशी नेलं आणि तिच्यावर कमरेच्या उंचीला बसवलेल्या एका चिजेवर हात ठेवला. दोन बाजूंना दोन शिंगं, मध्ये बसकं बूड. "हे किलीट," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे आमची बाल्कनी आली, पण मी बोललो नाही. गुरूसमोर आधीच येत असल्याचं दाखवू नये, हे मी बँकेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकलो आहे.

क्लीटला दोरी बांधायची रीत अशी. येणारी दोरी आधी लांबच्या शिंगाखालून न्यायची. मग बुडाभोवती एक पूर्ण वेढा. मग शिंगांवरून आठाचे आकडे, एक किंवा दोन. पहिला वेढाच सगळा भार घेतो. पुढचे आठ त्या वेढ्याला हलू देत नाहीत, बस. (आमच्याकडेही व्हाउचर तपासणारा पहिलाच असतो. बाकीच्या तीन सह्या आठाच्या आकड्यासारख्या.) क्लीट दोरीच्या ओढीला अगदी सरळ रेषेत बसवत नाहीत. दहा-पंधरा अंश तिरकी ठेवतात, नाहीतर येणारी दोरी आपल्याच वेढ्यावर चढून बसते आणि सुटता सुटत नाही. आमच्या बिल्डरनं बाल्कनीतले हुक अगदी सरळ ठोकले आहेत. पावसाळ्यात दोरी नखांनी सोडवावी लागते ती का, याचा उलगडा मला असा भर समुद्रात झाला.

शेवटी एक उलटा फास टाकावा की नाही, यावर खलाशांत दोन पंथ आहेत आणि दोन्ही कट्टर आहेत. जुन्या तागाच्या, काथ्याच्या, सुताच्या दोऱ्या भिजल्या की फुगायच्या आणि तो फास दगड व्हायचा. ऐन वादळात शीड उतरवायचं तर सुरी शोधावी लागे. काका त्या काळात शिकले, म्हणून ते फास टाकत नाहीत. आता दोऱ्या पॉलिएस्टरच्या असतात, त्या फुगत नाहीत. हे पॉलिएस्टर म्हणजे तेच टेरिलीन, जे १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी इंग्लंडात शोधलं आणि ज्याच्या शर्टात आमच्या वडिलांनी लग्न केलं. तो शर्ट अजून आहे. त्याला ना सुरकुती पडली, ना त्यातून कधी वारा गेला. म्हणजे शिडाला आणि दोरीला लागणारे सर्व गुण त्या शर्टात होते, फक्त माणसानं घालण्याचे नव्हते. नायलॉन मात्र हॅलयार्डला चालत नाही. ते ताणतं, आणि वर चढवलेलं शीड हळूहळू खाली ओघळतं. नायलॉन नांगराच्या दोरीला. तिथे ताणणं हाच गुण.

शीटला, म्हणजे शीड आवळणाऱ्या दोरीला, फास कधीच टाकायचा नाही, याबद्दल मात्र दोन्ही पंथांचं एकमत आहे. कारण वाऱ्याचा झोत अचानक आला तर ती दोरी त्या क्षणी सोडता आली पाहिजे. नाहीतर बोट आडवी. छोट्या होड्यांवर तर मोठ्या शिडाची शीट वाऱ्यात अडकवतच नाहीत, हातात धरून ठेवतात.

"धरून ठेवायला कोणीबी ठेवील," काका म्हणाले. "भार असताना सोडता येतं का, ते बघायचं. मग ती वस्तू घ्यायची."

इथपर्यंत मला वाटत होतं की या सगळ्या चिजांचं काम घट्ट धरणं हे आहे. ते अर्धंच काम निघालं. दुकानात मिळणारी प्रत्येक नवी चीज ही दुसऱ्या अर्ध्याची कटकट सोडवायला जन्माला आली आहे. जुन्या जहाजांवर कठड्याच्या भोकांत लाकडी खुंट्या खोवलेल्या असत. दोरी तिच्यावर आठांनी गुंडाळायची आणि सोडायची वेळ आली की खुंटीच उपसायची, सगळे वेढे एकदम गळून पडत. (हीच खुंटी खलाशी एकमेकांच्या डोक्यात घालण्यासाठीही वापरत. एका वस्तूचे इतके उपयोग आमच्या स्टेशनरी खात्याला अजून साधले नाहीत.) मग आली कॅम क्लीट. दोन दातेरी जबडे, मागे स्प्रिंग. दोरी ओढली की जबडे उघडतात, सोडली की मिटतात आणि जितका ताण वाढेल तितके जास्त चावतात. वर झटका दिला की दोरी मोकळी. हलक्या दोरीला छान. त्याहून साधी एक नुसती दातेरी खाच असते, तिच्यात हलणारा भागच नाही. तिच्याविषयी काकांचं मत चांगलं नाही. "ती धरते, पण जोराचा भार आला की सोडायला रडवते," असं म्हणून त्यांनी तिचा विषय संपवला, म्हणून मीही संपवतो.

आणि मग जॅमर आणि क्लच. डेकवर, केबिनच्या छपरावर, पाच तरफा एका ओळीत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पोटातून एक दोरी जाते. तरफ दाबली की आतला दात दोरीवर बसतो. मला दोन्ही प्रकार सारखेच दिसत होते. काकांनी फरक सांगितला. जॅमरमध्ये भार असताना तरफ उघडतच नाही. आधी दोरीवरचा भार काढायचा, मग उघडायचं. क्लच भाराखालीही उघडता येतो. मी ताबडतोब समजलो. जॅमर म्हणजे पाच वर्षांची करबचतीची ठेव. ती मुदतीआधी मोडता येत नाही, गिऱ्हाईकानं काउंटरवर डोकं आपटलं तरी. क्लच म्हणजे साधी मुदत ठेव. मोडता येते, पण दंड पडतो. क्लचच्या बाबतीत दंड तळहातावर पडतो. ताणलेली दोरी एकदम सुटून हातातून धावली तर कातडी घेऊन जाते. म्हणून शहाणा माणूस दोरी आधी विंचवर घेतो, तिचा भार विंचला देतो आणि मग तरफ उघडतो. त्या पाच दोऱ्यांच्या मागे विंच एकच होता. पाच काउंटर उघडे आणि कॅशियर एक. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

विंच हे काकांचं बोट खाणारं जनावर. दिसायला निरुपद्रवी. डब्यासारखा पोलादी ढोल, वर हँडल घालायला भोक. दोरी त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे तीन-चार वेळा गुंडाळायची, एक जण हँडल फिरवणार, दुसरा शेपूट धरून ओढत राहणार. एखाद्या वेळी एक वेढा दुसऱ्यावर चढतो आणि दोरी आवळून बसते. ती सोडवायला काकांनी तरुणपणी बोट घातलं, तेवढ्यात शीड वाऱ्यानं भरलं. "आवाजबिवाज काही नाही," ते म्हणाले. पुढे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण मला विंचचं जे मोहून गेलं ते वेगळंच. घरी येऊन मी त्याचं गणित शोधलं. ढोलाभोवती दोरी वेढली की घर्षणामुळे पलीकडचा मोठा भार अलीकडे अगदी लहान होऊन येतो. किती लहान? घर्षणाचा आकडा ०.२ धरला तर एका वेढ्याला साडेतीन पट. मग दोन वेढ्यांना सात पट? मुळीच नाही. दोन वेढ्यांना बारा पट. तीन वेढ्यांना ४३ पट. चार वेढ्यांना सुमारे दीडशे पट! बेरीज नव्हे, गुणाकार. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यानं केलेल्या कामावर आपलं काम चढवतो. म्हणजे हे चक्रवाढ व्याज झालं. आपल्या पूर्वजांनी 'चक्रवाढ' हा शब्द करताना विंच पाहिला होता की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं.

वाटायला कारणही आहे. १६८३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या याकोब बेर्नुली नावाच्या गणितज्ञाला एक शुद्ध बँकिंगचा प्रश्न पडला. शंभर टक्के व्याजानं एक नाणं ठेवलं, आणि व्याज वर्षानं न धरता महिन्यानं, दिवसानं, क्षणाक्षणानं जमा करत गेलं, तर वर्षअखेर किती होईल? माणसाचा हावरेपणा सांगतो की अमाप होईल. बेर्नुलीनं दाखवलं की नाही, उत्तर दोन आणि तीनच्या मध्येच कुठेतरी थांबतं. तो आकडा म्हणजे २.७१८ आणि पुढे न संपणारे दशांश. याकोबच्या धाकट्या भावाकडे शिकलेल्या, त्याच गावच्या ऑयलरनं त्या आकड्याला 'ई' हे अक्षर दिलं. आणि खुंटाला वेढलेल्या दोरीचं जे सूत्र आहे त्यालाही ऑयलरचंच नाव लागतं, आणि त्यात तोच 'ई' बसला आहे. म्हणजे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला ज्या व्याजानं माझे केस गळायला सुरुवात झाली, तेच व्याज समुद्रावर शिडं पेलतं आहे. कॉलेजात हे कोणी सांगितलं असतं तर मी पहिल्या बाकावर बसलो असतो.

हे गणित मी घरी केलं असं म्हटलं खरं, पण त्याची प्रात्यक्षिक परीक्षा आधीच, त्याच रविवारी झाली. त्याचं असं झालं.

डॉक्टरसाहेबांबरोबर त्यांचे नाशिकचे मेहुणे आले होते. हौशी, मदतीला तत्पर, आणि धोकादायक. शीड चढवायच्या आधी हॅलयार्डच्या टोकाची कडी, तिला शॅकल म्हणतात, शिडाच्या डोक्याला अडकवायची असते. काका ती हातात घेऊन शिडाची घडी सोडवत होते. "जरा धरा," म्हणून त्यांनी शॅकल मेहुण्यांकडे दिली. मेहुण्यांनी धरली. मग त्यांना दोरीचं दुसरं टोक मोकळं दिसलं आणि ते ओढण्याचा मोह झाला. दोन्ही हातांनी ओढायचं तर हातातलं आधी सोडलं पाहिजे. ते त्यांनी सोडलं. शीड जागच्या जागी आणि शॅकल एकटीच सर्रकन वर, डोलकाठीच्या शेंड्याला, कप्पीपाशी. सगळे वर बघत राहिलो. ती आता आपण होऊन खाली येणार नव्हती.

"कोणीतरी वर जायला हवं," काका म्हणाले. काकांचं वय बहात्तर. डॉक्टरांचं वजन नव्वदच्या पुढे. मेहुण्यांना पाठवण्याचा विचार सर्वांच्या मनात येऊन गेला, पण तो वेगळ्या कारणासाठी. मग तिघांच्या नजरा माझ्यावर स्थिर झाल्या. माझं वजन अठ्ठावन्न किलो. क्लार्कच्या पगारावर एवढंच होतं.

पाटाएवढी एक फळी, तिला चार कोपऱ्यांतून कापडी पट्टे. तिला बोसनची खुर्ची म्हणतात. काकांनी मला तीत बसवलं आणि दुसऱ्या एका हॅलयार्डनं खुर्ची बांधली. तिच्या टोकाला चांगली झटपट उघडणारी शॅकल होती, पण काकांनी ती वापरली नाही. गाठ मारली, हातानं, डोळ्यांनी दोनदा पाहून. "झटपट उघडणारी वस्तू माणसाला लावायची नाही," ते म्हणाले. तिसरी एक दोरी कमरेला, जपणुकीला. ती डॉक्टरांच्या क्लचमधून. मेहुण्यांना बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवण्यात आलं आणि हात मांडीखाली ठेवायला सांगण्यात आलं.

माझी मुख्य दोरी डोलकाठीवरच्या विंचला. चार वेढे. शेपूट काकांच्या हातात. आता हिशेब बघा. वर अठ्ठावन्न किलोचा मराठी गृहस्थ. चार वेढ्यांनी भागिले दीडशे. काकांच्या हातात उरले सुमारे ३८० ग्रॅम. पाव किलो चहा आणि वर मूठभर साखर, एवढ्या ओढीनं तो साडेचार बोटांचा हात मला धरून होता. हा हिशेब मला त्या वेळी ठाऊक नव्हता, हे बरं की वाईट ते अजून ठरत नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की ज्या हाताचे ठसे आमचं यंत्र मानत नाही, त्या हातात माझं दुसरं टोक आहे.

हँडल फिरलं. खट्‌, खट्‌, खट्‌. मी चादरीसारखा वर निघालो.

पाण्यापासून चाळीस फूट म्हणजे फार नव्हे. आम्ही चौथ्या मजल्यावरच राहतो. पण आमचा मजला डुलत नाही. तेवढ्यात मांडव्याची एक लाँच जवळून गेली. खाली तिच्या लाटेनं बोट वीतभर हलली असेल. वर मी गेटवेकडे गेलो, तिथून घारापुरीकडे आलो आणि परत गेटवेकडे गेलो. डोलकाठीला मी हातापायांनी मिठी मारली होती, तशी मी लग्नाच्या फोटोतही कोणाला मारलेली नाही. कुलाब्याचा किनारा समोर दिसत होता, आणि अशा वेळी माणसाला नको ते आठवतं. १९६०च्या दशकात याच मुंबईत सागवानी लाकडाची 'सुहेली' नावाची बत्तीस फुटी बोट बांधली गेली. १४ जून १९६८ रोजी ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडातल्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला परत आले. ३१२ दिवस. शर्यतीत नऊ जण होते, पुरी करणारे ते एकटे. पुढे आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकट्यानं जगप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमींनी तीच 'म्हादेई' कुठेही न थांबता फिरवून आणली. हे सगळं काकांनी मला सांगितलं होतं. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. २०१८च्या शर्यतीत टॉमी 'सुहेली'च्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन गेले आणि २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली. पाठीच्या मणक्यांना जबर दुखापत. तीन दिवसांनी सुटका. हा माणूस २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीला गेला आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरा आला! मी डोलकाठीची मिठी जरा सैल केली. फार नाही.

अशा प्रवासात महिनोन्‌महिने एकट्या माणसानं रात्री-बेरात्री त्याच क्लीटवर तेच आठ गुंडाळायचे आणि तेच सोडायचे. चूक दाखवायला शेजारच्या काउंटरवर कोणी नाही. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर रात्री आठपर्यंत बसायचं, एवढाच धोका.

शॅकल हातभर वर होती. मी ती पकडली, खुर्चीच्या पट्ट्याला अडकवली आणि खाली ओरडलो. आवाज बारीक निघाला, पण पोचला.

उतरणं हे चढण्यापेक्षा कठीण असतं असं ऐकून होतो. तसं काही झालं नाही. काकांनी वेढे तसेच ठेवले आणि तळव्यानं दोरी ढोलावर दाबून थोडी थोडी सरकू दिली. ना झटका, ना खट्‌खट्‌. लिफ्टपेक्षा मऊ. आमच्या इमारतीची लिफ्ट तर दर मजल्याला एक उसासा टाकते. दोरी जितकी घट्ट धरलेली वाटत होती, तितकीच ती हळू सुटत होती, आणि दोन्ही कामं तोच एक हात करत होता.

पाय डेकला टेकले. गुडघे कोणा दुसऱ्याचे वाटत होते. डॉक्टरांनी कमरेची दोरी सोडली, मेहुण्यांनी लांबूनच टाळ्या वाजवल्या, आणि त्यासाठी हात मांडीखालून काढल्याबद्दल त्यांना पुन्हा बसवण्यात आलं. काकांनी शॅकल माझ्याकडून घेतली, शिडाच्या डोक्याला अडकवली, ओढून पाहिली. मग माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा बहुधा कोणत्याही यंत्रानं मान्य केला नसता.

"साहेब," ते म्हणाले, "दर साली माझ्या हयातीचा दाखला तुम्ही देता. आज तुमचा मी देऊ काय?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती. काका तोवर वळले होते. त्यांनी शीड चढवलं, हॅलयार्ड लांबच्या शिंगाखालून घेतलं, बुडाला एक वेढा दिला, आठ घातले, उरलेली दोरी गुंडाळून क्लीटवर टांगली आणि स्टोव्हवर चहा ठेवायला आत गेले.